बियाच्या गोवऱ्या

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला येणार होता आणि मी दोडक्याच्या मांडवाखाली पाण्याची दारं धरून उभी होते. पाय घोट्यापर्यंत चिखलात, हातात खोरं. आमचे हे बांधावर येऊन उभे राहिले. इस्त्रीची पँट, पायात नव्या सँडल, आणि चेहरा असा की कुणीतरी यांना फसवून शेतात आणून सोडलंय.

"उद्या जायचं आणि आज पाणी कुणासाठी देतीस?"

"दोडक्यासाठी," मी म्हणाले.

"आबा परवा नांगर घालणार आहे इथं."

"मग आबांना सांगा, दोडका तहानलेला नांगरू नका."

ते निघून गेले. बोलणं अंगावर आलं की निघून जायचं, ही ह्यांची जुनी खोड. नाव मुरलीधर. एकदा घेतलं, आता परत घेणार नाही.

कोरेगावच्या अलीकडं, ओढ्याला लागून आमची वस्ती होती. सात घरं. थोरल्या दिरांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या आणि आमच्या घराच्या मध्ये कमरेएवढी भिंत. हे पुण्यात एका कारखान्यात फिटर होते, महिन्यातून दोनदा यायचे. मी आणि आमची पोरगी नंदी, तेव्हा दहा वर्षांची, वस्तीवर राहायचो. वाटणीत आम्हाला जी जमीन आली त्यात ओढ्याकडचा दहा गुंठ्यांचा तुकडा होता. नुसता दगड. कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्या वाट्याला सुखानं आला. सात वर्षं मी त्यातले दगड वेचले. बांध उभा राहिला तो त्याच दगडांचा. मग दोडका, कारलं, दुधी, भोपळा, वाळूक, काय म्हणाल ते काढलं आणि शनिवारी डोक्यावर पाटी घेऊन बाजार केला.

आणि माघात एके दिवशी हे जेवता जेवता आबांना म्हणाले की कंपनीकडून खोली मिळाली, पोरीची शाळा पण तिकडंच बघतो, मे महिन्यात बिऱ्हाड हलवायचं. आबांना म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर चुलीपुढं भाकरी थापत होते. माझं गाव सुटणार हे मला असं भाकरी थापता थापता कळलं. तव्यावरची भाकरी करपली तर हेच म्हणतात, लक्ष कुठंय.

मी एकच विचारलं होतं. खोलीमागं परडं आहे का? चार वेल लावायला जागा आहे का?

"आहे की," म्हणाले. "दोन वाफे होतील. तुझ्यासाठी बघूनच घेतली."

पुढच्या खेपेला परत विचारलं तर त्या परड्यात पाण्याचा नळ आला होता. होळीला विचारलं तर शेवग्याचं झाड उगवलं होतं, शेंगांनी वाकलेलं. मी खुळी. मी मनातल्या मनात त्या शेवग्याच्या सावलीचा विचार करून दुधी कुठं लावायचा ते ठरवत होते. जायचं ठरलंय तर जाऊ, पण उन्हाळी भाजी घेऊनच जाऊ म्हणून माघात दहा गुंठे परत लावले. वस्तीवरच्या बायका हसल्या. जाणारी बाई वेल लावते म्हणाल्या. लावते, म्हटलं. माझ्या जमिनीला कुणी सांगितलंय का की मी जाणार आहे?

आता गोवऱ्यांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडं वेलाचं बी कुणी डब्यात ठेवत नसे. दिवाळीच्या सुमाराला वेलावर वाळलेली फळं फोडायची, बी राखेत घोळायचं, ताज्या शेणात कालवायचं आणि गोवरी थापून भिंतीला लावायची. शेण वाळलं की आतल्या बियाला कीड लागत नाही. मृग निघाला की गोवरी फोडायची आणि बी टोकायचं. यात नवल काही नाही, पुष्कळ गावांत करतात. पण आमच्या वस्तीवर ज्यानं त्यानं आपापलं थापायचं नाही अशी रीत होती. जिच्या हाताला उगवण आहे तिनं सातही घरांचं थापायचं, आणि तिच्याच मागच्या भिंतीला ते मृगापर्यंत सांभाळायचं. आधी माझी सासू थापायची. जाताना तिनं तो मान थोरलीला, म्हणजे गोदाक्काला, न देता मला दिला. म्हणाली, धाकटीच्या हाताला उगवण आहे.

कुणाची गोवरी कुठली हे कळावं म्हणून खुणा असायच्या. एका घराच्या गोवरीत दोन बोटं दाबलेली, एकाच्या कडेला जोंधळ्याचे दाणे, गोदाक्काच्या गोवरीवर अंगठा. ठकूकाकूच्या गोवरीत निळ्या बांगडीचा तुकडा. ठकूकाकू वस्तीतली सगळ्यात म्हातारी. तिचं पांढरं वाळूक दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. कापलं की शेजारच्या घरात वास जायचा. त्याची एकच गोवरी. माझ्या आठ गोवऱ्या कोऱ्या, माझ्याच भिंतीला मला खूण कशाला?

गोदाक्काचं आणि माझं दोन वर्षं बोलणं बंद होतं. निमित्त विहिरीच्या पाळीचं. विहीर सामाईक, मोटर एक, आणि तिचं म्हणणं माझा भाजीपाला सगळी विहीर पिऊन टाकतो. खरं दुखणं सासूनं दिलेल्या मानाचं होतं, हे तिला पण माहीत आणि मला पण. काही सांगायचंच झालं तर ती आपल्या म्हशीला सांगायची. "गंगे, म्हणावं पाट फुटलाय." मग मी खोरं घेऊन पळायची. पण दिवाळी आली की तिचं बी एरंडाच्या पानात बांधून मधल्या भिंतीवर ठेवलेलं असायचंच. भांडण भांडणाच्या जागी, बी बियाच्या जागी. त्यात दोघींनी कधी कसूर केली नाही.

मी मृगाआधीच जाणार म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ट्रक यायच्या आधी येऊन आपापल्या गोवऱ्या घेऊन जा. माझ्या आठ मी परड्यासाठी पोत्यात घालून नेणार होते.

ट्रक यायच्या आदल्या दुपारी मी आत पितळेची भांडी जुन्या लुगड्यात बांधत होते. बाहेर ओट्यावर आबा आणि हे चहा पीत बसले होते. आबांनी विचारलं, सामान उतरायला तिकडं माणसं बघितलीस का.

"चौघं तरी लागतील," हे म्हणाले. "लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचंय. जिना अरुंद."

"तिला अजून सांगितलं नाहीस ना?" आबा म्हणाले. "मग इंदूचं ते परडं?"

"गेल्यावर कळेलच की तिला. आत्ताच सांगून कशाला डोकं फिरवून घ्यायचं?"

आणि हसले. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

माझ्या हातात तांब्या होता, तो मी लुगड्यात बांधला. मग सोडला आणि परत बांधला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. शेवग्याचं झाड तिसऱ्या मजल्यावर कसं उगवलं असेल याचा विचार करत मी भांड्यांच्या ढिगात बसून राहिले. आबांना माहीत होतं, म्हणजे गोदाक्काला माहीत असणार. जिला हलवायचं तिलाच तेवढं माहीत नव्हतं. संध्याकाळी कालवणात मीठ घातलं नाही. ह्यांनी वरून घेतलं.

सकाळी उठल्या उठल्या हाक आली. "अगं, पाणी तापव लवकर. ट्रक यायच्या आधी अंघोळ उरकतो."

मागं काही राहू नये म्हणून सरपण मी बेतानंच संपवत आणलं होतं. न्हाणीजवळच्या चुलीपाशी दोन काटक्या होत्या. त्या पेटवल्या. आणि समोर भिंत होती, गोवऱ्यांनी भरलेली.

पहिली माझीच काढली. मधोमध मोडली आणि चुलीत घातली. आतल्या बिया तडतडायला लागल्या. न्हाणीतून ह्यांनी विचारलं, काय तडतडतंय?

"तुमचं परडं," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नसावं. मी दुसरी घातली. दुधीची होती. मग कारल्याची, मग दोडक्याची. माझ्या आठही संपल्या आणि हंड्यात हात घालून बघितला तर पाणी कोमट. इथं मी थांबायला हवं होतं. हात थांबेना. काढायची, मोडायची, सारायची. कुणाची कुठली ते मी बघितलं नाही. भिंत रिकामी झाली तेव्हा हंडा खदखदत होता.

"आज झकास कढत झालंय," हे न्हाणीतून म्हणाले. दोन बादल्या पाणी घेतलं. सातही घरांचं बी अंगावर ओतून घेऊन माणूस बाहेर आला, डोक्याला तेल लावलं, भांग पाडला.

तेवढ्यात ठकूकाकू आली. हातात सूप, डोक्यावर पदर. जाणारीला द्यायला म्हणून सुपात दोन मुठी शेंगा आणल्या होत्या.

"भिंत मोकळी दिसतीया," ती म्हणाली. "काढून ठिवल्यास व्हय?"

"जाळल्या, काकू."

तिला कळलं नाही. ती हसतच राहिली. मग तिनं चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"माझी?"

"सगळ्याच."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मी पण ओरडले असते, माझी तयारी होती, भांडायला मला कुणीतरी हवंच होतं. पण ती भिंतीपाशी गेली. गोवऱ्या निघाल्यावर मातीवर गोल गोल डाग राहिले होते. तिची गोवरी कुठं होती ते तिला बरोबर ठाऊक. त्या डागावर तिनं हात ठेवला.

"माझ्या सासूनं म्हायेरनं आणल्यालं वाळूक हुतं, पोरी," ती म्हणाली. शेंगा माझ्या ओट्यावर ओतल्या आणि रिकामं सूप घेऊन गेली.

मधल्या भिंतीपलीकडं गोदाक्का उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. म्हैस गोठ्यात होती. दोन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"माझ्यापण जाळल्यास?"

"तुमच्यापण."

आणि मग माझं तोंड सुटलं. तिसरा मजला, नळ, शेवगा, सगळं तिच्यावर ओतलं. तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, एकीनं तरी सांगितलं का म्हणाले. माझं सात वर्षांचं रान माझ्या नवऱ्यानं मला न विचारता घालवलं, आणि तुम्हाला चार गोवऱ्यांचं पडलंय म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यानं तुला न इचारता तुझं घालवलं," ती म्हणाली. "तू आमचं जाळलंस ते इचारून जाळलंस व्हय?"

"रागात मला खुणा दिसल्या नाहीत."

"तुला खुणा अंधारात हाताला कळत्यात, इंदे."

एवढं बोलून ती आत गेली. मी चुलीशी बसले. काटकीनं राख उकरली. निळ्या बांगडीचा तुकडा निघाला, एका बाजूनं काळा पडलेला. चटका बसला तरी मुठीत धरून ठेवला.

ट्रक आला. माणसं कपाट उचलायला लागली. मी दोरीवर वाळत घातलेला ह्यांचा नवा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल ओढला आणि रानात गेले.

वेलावरच्या फळाला चिंधी बांधली की ते बियाचं. मग ते कुणी तोडत नाही, पोरंसोरं पण नाही. मी टॉवेल फाडत गेले आणि बांधत गेले. सात दोडके, चार कारली, दोन दुधी, एक भोपळा. शेवटी वाळकापाशी आले. माघात ठकूकाकूला विचारून तिच्या गोवरीची कड मोडून पाच बिया घेतल्या होत्या, उन्हाळ्यात येतंय का बघू म्हणून. दोनच उगवल्या, त्यातला एक वेल जगला. त्याला तीन वाळकं होती, हिरवी, हाताएवढी. बी धरायला अजून तीन आठवडे तरी हवे होते. जगात ठकूकाकूचं वाळूक आता तेवढंच होतं.

हे मागून आले. "ट्रक भरलाय. चल."

"तुम्ही व्हा पुढं. मी मृगाला बी वाटून येणार."

"खुळी झालीस का? सामान चाललंय सगळं. झोपणार कुठं, खाणार काय?"

"ते माझं मी बघते. तुम्ही कपाट चढवा. तिसऱ्या मजल्यावर."

मला वाटलं आता निघून जातील, नेहमीसारखे. पण उभे राहिले. नव्या सँडलनं ढेकूळ फोडत राहिले.

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस का तू?"

"नसते आले," मी म्हणाले. "म्हणूनच विचारायचं असतं."

ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. बांधावरून उतरताना त्यांनी मागं वळून विचारलं, माझा टॉवेल कुठं आहे? मी दुधीकडं बोट केलं.

घर रिकामं झालं. तवा गेला, घोंगडी गेली, पाणी प्यायचा तांब्यासुद्धा मीच नीट बांधून दिला होता. नंदी माझ्याजवळ राहिली. ती ओट्यावर बसून ठकूकाकूच्या शेंगा फोडून खात होती. दुपारी मधल्या भिंतीवर थाळी आली.

"गंगे," गोदाक्का म्हशीला म्हणाली, "पोरगी उपाशी हाय म्हणून देतीया. बी जाळणारीसाठी न्हाई."

थाळीत तीन भाकरी होत्या. दहा वर्षांची पोरगी तीन भाकरी खात नाही. उरलेल्या मी खाल्ल्या, आणि मान खाली घालून थाळी घासून परत भिंतीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आबा बैल घेऊन बांधावर हजर. वाऱ्यासारखी गोदाक्का मागून आली आणि आबांना सांगितलं की मृगापर्यंत या तुकड्याला हात लावायचा नाही, हौसच असेल तर जाऊन रस्ता नांगरा. आबा बैल घेऊन परत गेले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं. वैशाखात विहिरीनं तळ गाठला होता, माझ्या पाळीचं पाणी वेलांना पुरत नव्हतं. तेव्हा गोदाक्काच्या पाळीच्या एका सकाळी परत म्हशीला सांगणं झालं की आज मला दारं धरायला जमायचं न्हाई, पाणी फुकट चाललंय. मी खोरं घेऊन पळाले.

बाकीच्या बायका मात्र माझ्याशी बोलल्या नाहीत. विहिरीवर गेले की कळशा उचलून चालायला लागायच्या. ज्यांच्या पोरींच्या लग्नात मी चार चार दिवस राबले त्यांनी पाठ केली. मी चिडायची. घरी येऊन नंदीवर ओरडायची. आणि मग भिंतीवरचे ते डाग दिसले की गप्प बसायची.

पहिलं वाळूक उन्हानं तडकलं आणि सडलं. दुसरं कोल्ह्यानं खाल्लं, नुसतं साल ठेवलं. तिसऱ्यावर मी पाटी पालथी घातली, पाटीवर दगड ठेवले आणि मांडवाखाली बसून राहिले. दिवसचे दिवस. दुपारी ऊन मी म्हणायचं. सकाळ संध्याकाळ पाटी उचलायची, वाळकाला हात लावून बघायचं, परत झाकायची. ह्यांचं एक पत्र आलं, खोलीत पंखा बसवलाय म्हणून. उत्तर दिलं नाही.

बाविसाव्या दिवशी वाळकाचा देठ वाळून आपोआप सुटला. पिवळंधमक झालं होतं. फोडून बी पाण्यात टाकलं. पोचट वर तरंगलं, भरीव तळाला बसलं. तळाला चौतीस होत्या. मी त्या दोनदा मोजल्या आणि तिथंच पाटावर बसून रडले. रागानंच रडले, पण रडले.

मृगाला चार दिवस राहिले होते. बी नुसतं पुडीत दिलं असतं तरी चाललं असतं. पण मी गोवऱ्या जाळल्या होत्या आणि परत द्यायच्या त्या गोवऱ्याच. शेण आणलं, राख चाळली, एकेक घराचं थापलं. ज्याच्या त्याच्या खुणा केल्या. ठकूकाकूच्या गोवरीत तोच काळवंडलेला बांगडीचा तुकडा दाबला.

एरवी बायका माझ्या दारात यायच्या. त्या वर्षी मी पाटी डोक्यावर घेऊन दारोदार गेले. एकीनं न बोलता घेतली. एकीनं अर्धा तास अंगणात उभं केलं आणि मग घेतली. ठकूकाकूनं गोवरी हातात घेऊन बांगडीच्या तुकड्यावरून बोट फिरवलं.

"ह्योच व्हय तुकडा?"

"तोच."

तिनं तिथंच गोवरीची कड मोडली, एक बी काढलं आणि दाढेखाली फोडलं.

"भरलंय," ती म्हणाली. "आता दिवाळीला कुणी थापायचं?"

तुम्ही सांगाल तिनं, मी म्हणाले. ती म्हणाली, गोदीला इचार.

म्हणून सगळ्यात शेवटी गोदाक्काच्या दारात गेले. भिंतीवरून नाही, पुढच्या दारानं. दोन वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला. तिनं तिच्या गोवऱ्या मोजून घेतल्या, अंगठा तपासला आणि मागच्या दारानं मला तिच्या परड्यात घेऊन गेली. तिथली सगळी भिंत नव्यानं सारवलेली होती. वरती दोन पत्रे टाकून पावसाची सोय केली होती. सारवण वाळलेलं होतं, म्हणजे हे आजचं काम नव्हतं. मी मांडवाखाली बसून वाळूक राखत होते तेव्हा ही बाई इथं भिंत सारवत होती.

"दिवाळीला येऊन थापायचं," ती म्हणाली. "कुठल्याबी मजल्यावर ऱ्हा, यायचं. उगवण तुझ्या हाताला हाय, ती काय माझ्या हाताला येत न्हाई. पर ठिवायच्या हितं."

मी भिंतीकडं बघत राहिले.

"हात तुझा," गोदाक्का म्हणाली. "भिंत माझी."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीसुद्धा आला. सासूनं दिलेला मान असा अर्धा कापून घेतला म्हणून आला. पण तोंड उघडलं नाही, कारण गोदाक्का त्या सकाळी जे बोलली ते खरं होतं. खुणा मला दिसल्या होत्या. बांगडीचा तुकडा अंगठ्याला टोचला होता, गोवरी कुणाची आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी ती चुलीत सारली. त्या घटकेला मला एकट्या नवऱ्याचा राग आला नव्हता. ज्या ज्या बायकांना वस्ती सोडायची नव्हती, ज्या मृगाला गोवरी फोडून आपल्या अंगणात बी टोकणार होत्या, त्या सगळ्यांचा आला होता.

"येईन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नंदीला घेऊन पुण्याची एसटी धरली. बावन्न पायऱ्या होत्या. कपाट नीट चढलं होतं. मागच्या बाजूला खिडकी होती आणि खिडकीखाली सायकलींची शेड.

याला तीस वर्षं होऊन गेली. ठकूकाकू गेली, तिचं वाळूक आता चार घरांत आहे. दिवाळीला मी वस्तीवर जाते, आठ दिवस राहते, सगळ्यांचं थापते आणि गोदाक्काच्या भिंतीला लावून येते. ती आता काठी टेकत येते आणि मी किती लावल्या ते मोजते. दर वर्षी मोजते. अंघोळीचं पाणी हे त्या दिवसापासून स्वतःच तापवतात, मी ठेवत नाही, त्यांनी कधी मागितलं नाही.

निवृत्त झाल्यावर ह्यांना वेळ जाईना. गेल्या दिवाळीला मी पिशवी भरत होते तर दारात येऊन उभे राहिले. मग म्हणाले, मी पण येऊ का वस्तीवर? चालेल का तुला?

विचारलं. तीस वर्षांनी का होईना, विचारलं.

"या की," मी म्हणाले. "पण अंघोळ इथूनच करून निघा."